तिच्या बाजूनं आलेला पाकाचा वास

भूतबित आपल्याला माहीत नाही. सारी नोकरी सरकारी जीप चालवण्यात गेली. साहेबाला जंगलातल्या डाकबंगल्यावर सोडायचो आणि बाहेर गाडीतच झोपायचो. तिथले चौकीदार काय काय सांगायचे... मी कूस बदलून घोरायचो. या पानावरचे तुमचे अनुभव वाचतानाही पुष्कळदा मनात म्हटलं, याला कामधंदा नाही. तरी आज मीच लिहून राहिलो. कारण एक गोष्ट मला कोणी समजावून देत नाही. आणि जिला विचारलं असतं ती उरली नाही.

शाळा माझी फार झाली नाही. मोबाइलमध्ये बोलतो, तो लिहितो, मग मी चुका काढतो. राहिल्या त्या तुम्ही काढा.

आम्ही मूळ नागपूरचे. राजधानी भोपाळला आली तेव्हा माझे वडील ऑफिसच्या सामानासोबत इकडं आले. शिपाई होते. मी ड्रायव्हर झालो. जी जीप चालवत होतो तीच पुढं नीलामात निघाली, ती मी घेतली. बंद टपाची, डिझेलची. माझा मुलगा सुनील पुण्याला असतो, तो म्हणायचा, "बाबा, भंगार आहे ते." त्यावर विमल म्हणायची, "मग तुझे बाबा कोणते नवे आहेत?"

विमल म्हणजे माझी बायको. ती गेली.

आता नाकाचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला आणि वास गेला. लोकांचा परत आला, माझा नाही. उदबत्ती नाही, डिझेल नाही, काही नाही. तेव्हापासून माझं नाक म्हणजे विमल. गॅस चालू राहिला, दूध करपलं, क्लच जळून राहिला, सगळं तीच सांगायची. वर टोमणा असायचाच. "वास गेला नाकातला, राग मात्र तिथंच बसलाय."

गाडीच्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवायच्या पाण्याचा, वास गोड असतो. ज्यांची गाडी कधी गळली असेल त्यांना माहीत असेल. एकदा आम्ही नागपूरला निघालो होतो, तेव्हा माझं नाक चांगलं होतं, पण मला विडीशिवाय काही कळलं नव्हतं. ही म्हणाली, "अहो, इथं जंगलात कोण तिळगुळाचा पाक करून राहिलं?" मी हसलो. थोडं पुढं जाऊन बघतो तर पाण्याचा पाइप चिरलेला. तेव्हापासून आमच्या घरात कूलंट हा शब्द नव्हता. पाक होता. "पाक लागून राहिला, थांबवा गाडी."

शेवटी शेवटी दवाखान्याच्या फेऱ्या याच जीपनं केल्या. एका सकाळी परत येताना ती म्हणाली, "मला नर्मदेला भाड्याच्या गाडीत घालून नेऊ नका. आपल्या गाडीनं न्या. पुढं बसवून." मी म्हटलं, गप बस. ती म्हणाली, "हो म्हणा आधी." मी हो म्हटलं.

भदभद्याच्या स्मशानात अग्नी दिला. घरी तिला जिथं ठेवलं होतं तिथं तिच्या धाकट्या बहिणीनं, पुष्पानं, तांदळाचं पीठ पसरलं, मधे दिवा ठेवला, वर टोपली झाकली. आपल्यात करतात. सकाळी टोपली काढून पिठावर काही उमटलं का बघायचं. पक्ष्याचं पाऊल, मुंगीची ओळ, काहीही. म्हणजे माणूस कुठं गेलं ते कळतं म्हणे. मी यातलं काही मानत नाही. पण टोपली उचलताना मी वाकलो होतो, सगळ्यांच्या पुढं वाकलो होतो.

पीठ कोरं होतं. जसं पसरलं तसं.

पुष्पा म्हणाली, "असू द्या भाऊजी. ताई मोकळी झाली." ते पीठ तिनं कागदात बांधून ठेवलं, नर्मदेत सोडायला.

त्याच आठवड्यात गाडीनं पाणी खायला सुरुवात केली. सकाळी रेडिएटर भरायचा, बाजारात जाऊन यायचं, की निम्मा रिकामा. खाली थेंब नाही. अंगणात पुठ्ठा घातला, पुठ्ठा कोरडा. जवाहर चौकात अन्वरभाई आहे, आमच्या गाडीचा जुना मिस्त्री. त्यानं पाइप बदलले, रेडिएटरला टाका मारला, झाकण नवीन लावलं, रंग दिसावा म्हणून हिरवं कूलंट भरलं. तरी तेच.

"को खां, पानी जा किधर रिया है?" तो बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. "पी तो नहीं रिये आप?"

"हीटर?" मी विचारलं.

"हीटर का नल तो बंद है चचा. बरसों से आपने ही बंद करवा रखा है." खरं होतं. हीटरनं विमलचं डोकं दुखायचं, म्हणून त्याचा नळ कधीचाच बंद केला होता. अन्वरनं त्याच्यावर बोट ठेवून दाखवलं. नळ आडवा, गंजलेला, बंद.

मग तो हात पुसत म्हणाला की हेड गास्किट असेल. इंजिन खोलावं लागेल, दिवस जातील. "मंडीदीप के आगे मत ले जाना. बीच जंगल में बैठ जाएगी."

दिवस कुठं होते? दहावा तोंडावर आला होता. होशंगाबादला नर्मदेच्या घाटावर गुरुजी ठरवले होते. सुनीलला परत जायचं होतं. तो म्हणाला, "बाबा, हबीबगंज स्टेशनवरून टॅक्सी करू ना. आईला काय कळणार आहे?" त्यानं वाईट मनानं नाही म्हटलं. पण मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अन्वरनं शेवटचा उपाय सांगितला होता, की इंजिनवर पावडर भुरका, जिथं ओल येईल तिथं डाग दिसेल. घरात पावडर नव्हती. होतं ते पीठ. पुष्पानं बांधून ठेवलेलं.

मी ते घेतलं. देवाचं, धर्माचं काय होईल ते होवो म्हटलं. थोडं नदीसाठी ठेवलं, बाकीचं इंजिनवर, पाइपांवर, पंपावर भुरकलं. गाडी जागेवरच चालू ठेवली, बंद केली, आणि टॉर्च घेऊन वाकलो.

कोरं. पुन्हा कोरं.

मी तिथंच अंगणात बसलो. पुष्पा चहा घेऊन आली, कप शेजारी ठेवून परत गेली.

एक अजून सांगायचं राहिलं. विमल गेल्यापासून तिच्या सीटवर, म्हणजे पुढं डावीकडं, मी कोणाला बसू देत नव्हतो. तिची शाल घडी करून ठेवली होती. आणि त्या आठवड्यात रोज तिच्याच बाजूच्या काचेवर आतून वाफ धरलेली दिसायची. माझ्या बाजूला नाही, तिच्याच. जसं कोणी तिथं बसून श्वास घेतला असावा. ती काच मी पुसली नाही. मला काय वाटत होतं ते इथं लिहीत नाही. तुम्ही समजा.

सकाळी निघालो. अस्थींचा कलश तिच्या शालीवर ठेवला, सीटला तिच्याच सुती साडीनं बांधला. सुनील म्हणाला, मी मांडीवर घेतो. मी म्हटलं, ती पुढं बसणार. तो आणि पुष्पा मागं बसले. पाण्याच्या कॅन पायाशी भरून घेतल्या.

मंडीदीपपर्यंत इंजिनच्या गरमीचा काटा ठीक होता. ओबेदुल्लागंज सोडलं, जंगल लागलं, चढ आला आणि काटा वर चढायला लागला. थांबलो. रेडिएटरवर ओला फडका, थांबायचं, झाकण उघडायचं, पाणी ओतायचं, निघायचं. पुन्हा थांबायचं. दर खेपेला आधीपेक्षा कमी अंतर होत होतं. ट्रकवाले हॉर्न मारत जात होते. सुनील मोबाइलवर टॅक्सी बघत होता, पण जंगलात रेंज नव्हती. एकच कॅन उरली.

"बाबा, पुढं येणाऱ्या गाडीला हात करू. कलश घेऊन मी जातो, तुम्ही मागून या."

"आणि मी तिला काय सांगू?"

"कोणाला?"

मी बोनेट लावलं. गाडी सुरू केली.  मी मनात देवाचं नाव घेत नव्हतो. मी म्हणत होतो, विमल, काय झालंय सांग. तू नेहमी सांगतेस. सांग ना आता.

आणि मला पाकाचा वास आला.

हळू नाही, अंधुक नाही. गूळ कढईत फुटायला लागल्यावर येतो तसा, घसा धरणारा. इतक्या वर्षांत माझ्या नाकात काहीही शिरलं नव्हतं. मला आधी कळलंच नाही हे काय होऊन राहिलं. डोळ्यांत पाणी आलं. वास डावीकडून येत होता, तिच्या बाजूनं, खालून.

मी गाडी कडेला घेतली. "पाक लागून राहिला," मी म्हटलं.

सुनील म्हणाला, "काय?"

"वास. गोड. येतो ना?"

त्यानं नाक ओढून बघितलं. "नाही बाबा."

"पुष्पे, तुला?"

"नाही भाऊजी. काहीच नाही." ती सुनीलकडे बघायला लागली. म्हातारं गेलं कामातून, असं बघतात तसं.

मी उतरलो, त्या बाजूला गेलो, दार उघडलं. रबरी मॅट वरून कोरडी होती. तिचं टोक धरून उचललं. खालचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, भिजून चिंब. हिरवा. हात दाबला तर बोटांमधून कूलंट वर आलं. मी सुनीलची मान धरून खाली वाकवली. "आता?"

"हो," तो म्हणाला. "आता येतोय." जमिनीला नाक लावल्यावर त्याला आला.

हीटरची कॉइल डॅशबोर्डच्या मागं, तिच्या पायांच्या वर असते. नळ दिसायला बंद होता, आतून सडला होता, आणि कॉइलही चिरली होती. गाडी जागेवर उभी असताना काही नाही, चालताना, चढाला दाब वाढला की पाणी हळूहळू आत, नमद्यात. म्हणून खाली थेंब नाही. म्हणून इंजिनवरचं पीठ कोरडं. आणि काचेवर जी वाफ धरत होती तीही हीच. ती तिची नव्हती. हे कळलं, पण रडायला वेळ नव्हता. कोणी तिथं पाय ठेवला असता तर पहिल्याच दिवशी ओला झाला असता. मीच कोणाला बसू दिलं नाही.

काम सोपं होतं. इंजिन थंड होऊ दिलं. हीटरकडं जाणारे दोन पाइप असतात. एक हीटरवरून सोडवला आणि सरळ इंजिनच्या दुसऱ्या तोंडावर चढवला, म्हणजे पाणी हीटरला न जाता फिरून परत येतं. क्लिप आवळली. उरलेली कॅन ओतली. सुनील शेजारी उभा राहून पाना देत होता.

काटा पुन्हा चढला नाही. बुधनी गेलं, पूल आला, नर्मदा दिसली. सगळा रस्ता वास येत होता. मी काच वर करून घेतली, तो जाऊ नये म्हणून.

गुरुजी थांबले होते. विधी झाले. कलश पाण्यात सोडला, उरलेलं पीठ सोडलं. ओल्या कपड्यांनी परत आलो, जीपमध्ये बसलो, दार लावलं आणि श्वास घेतला.

काही नाही.

पुन्हा घेतला. नाकपुड्या दुखेपर्यंत घेतला. मागून सुनील म्हणाला, "बाबा, काच खाली करा हो. आता केवढा वास येतोय त्या कूलंटचा."

भोपाळला आल्यावर नाकाच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, गेलेला वास कधी क्षणभर परत येतो. कधी नसलेला वासही येतो, मेंदूचा खेळ असतो. मी म्हटलं, नसलेला नव्हता डॉक्टर, नमदा भिजला होता. तो म्हणाला, योगायोग. सुनील म्हणतो, तुम्ही एवढी वर्षं गाडी चालवली, तुम्हाला आतून कळलं असेल. असेल. मग अंगणात, बोनेटखाली, पीठ भुरकताना का नाही कळलं? अन्वर म्हणाला, "छोड़ो खां, पहुँच गए ना." तेवढंच मला पटलं.

तो नमदा कापून काढला तेव्हा एक तुकडा स्टीलच्या डब्यात घालून ठेवला. परवा पुष्पा आली होती. तिनं साखरेचा समजून तो उघडला आणि तोंड फिरवलं. "भाऊजी, हे काय ठेवलंय? केवढा वास मारतोय."

मी डबा तिच्या हातातून घेतला. "कसा येतो ग?" मी विचारलं. "नीट सांग. गुळासारखा येतो का?"

तिनं डबा माझ्या हातातून परत घेतला. मग नाकाशी नेला आणि म्हणाली, हो, गुळासारखा.

मी रोज उघडतो. मला अजून काही येत नाही.