विहिरीतली तिरकी रेघ
काल विहिरीतला गाळ उपसला, आणि त्या थंड मातीच्या वासाने विहीर खोदली ती दुपार आठवली. सिन्नरजवळ नदीकाठच्या आमच्या रानात दोन पुरुष खोल खड्डा झाला होता, पाणी नव्हतं. एका भिंतीत मात्र ओलसर तिरकी रेघ दिसली. झऱ्याची वाट सापडली म्हणून वडिलांनी तिथे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. नदीकाठची माती तपासत फिरणाऱ्या कॉलेजच्या एक मॅडम ते ऐकून खाली उतरल्या आणि खुरप्याने भिंत तासू लागल्या. "दादा, इथे भूकंपात जमीन सरकली आहे. तीही दोनदा." तासलेल्या भिंतीत दोन पांढरे थर दिसत होते. वरचा रेघेपाशी वीतभर खचला होता, खालचा दोन वीत, खालच्याने दोन्ही धक्के खाल्ले होते, वरच्याने एकच. "दोन्हीच्या मधी किती वर्षं गेली?" वडिलांनी विचारलं. दोन थरांमधल्या हातभर मातीवर तळवा ठेवून त्या म्हणाल्या, "एवढी माती साचायला हजारो वर्षं लागली असतील." "आन तिसऱ्यांदा कधी?" "ते कुणालाच नक्की सांगता येत नाही." मॅडम फोटोसाठी कुंकू पुसायला गेल्या, तेव्हा वडील हळूच म्हणाले, "राहू द्या. लय मोठं हाय हे." आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या. पुढे चार हात खाली त्याच रेघेतून पाणी लागलं. आता वडील नाहीत. आम्ही अजून तेच पाणी पितो, आणि विहिरीतलं पाणी थरथरलं की मी आधी मोटार चालू आहे ना, ते बघते.