पालखीआधीची सुई

चढ संपता संपता चिंचेखाली शिवम्माआक्का थांबल्या. डोक्यावर गोधडीत बांधलेली तबकड्या वाजवायची मशीन. एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "मंगल, डबी हाय ना?"

"हाय, आक्का."

"दाखव."

मी पदराची गाठ सोडून डबी दाखवली. डबी माझ्या नथीची. नथ यात्रेसाठी नाकात घातली होती आणि डबीतल्या कापसावर मशीनची सुई निजवली होती. नुसती सुई नव्हे, सुई जिच्यात बसते ती काळी, बोराएवढी वस्तू. परळीचे दुकानदार तिला कार्ट्रिज म्हणत. आक्का म्हणत, बाळ.

"झोपलंय," त्या बघून म्हणाल्या, आणि आम्ही पुढे निघालो.

बाकीचं सामान, म्हणजे दोन कर्णे, तारा आणि आवाज मोठा करायचं यंत्र, बंकटरावांच्या जीपमधून पुढे गेलं होतं. जीपमध्ये आम्हालाही जागा होती. पण बेलदऱ्याच्या वाटेवर जीप अशी उडते की पोटातलं पाणी हलतं. मशीन कधीच जीपमध्ये बसली नाही. दरवर्षी चैत्राच्या यात्रेला आक्का तिला पाटोद्याहून डोक्यावर न्यायच्या, आणि मी शेजारीण म्हणून, महादेवाच्या दर्शनाच्या ओढीने, सोबत असायची.

आक्कांच्या वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. एकुलती एक लेक, म्हणून लग्नात त्यांनी आंदण दिलं ते दोन कर्णे आणि मशीन. सासरी बैलगाडीतून कर्णे उतरले तेव्हा पाटोद्यातल्या बाया म्हणाल्या होत्या, "नवरीनं येतानाच तोंड मोठं आणलंय गं." आक्का हे स्वतःच सांगायच्या आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसायच्या. नवरा, संगमेश्वरकाका, किराणा दुकानात बसायचे. चार गिऱ्हाइकं आली तरी त्यांचा आवाज फुटायचा नाही. "एका घरात एकच कर्णा पुरतो," असं ते हळूच म्हणायचे.

मी सांगते त्या वर्षी घरोघरी टेप येत होते. स्टँडसमोर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, आणि जो तो कॅसेट घालून बटण दाबत होता. आक्कांची जुनी मशीन थकली होती. परळीच्या वीज कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांची मशीन आणि यंत्र आक्कांनी घेतलं. घरी लावून पाहिलं, तर आवाज असा गोड की काका दुकान सोडून आत येऊन उभे राहिले.

पण यात्रेच्या कमिटीचे बंकटराव पाडव्यालाच सांगून गेले होते, "आक्का, औंदा तुमची तबकडी नीट वाजली तर ठीक. न्हाई तर पुढच्या सालापासून नेकनूरच्या आश्रुबाचा टेप."

बेलदऱ्यात महादेवाची आरती कर्ण्यावर वाजल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. एक कर्णा गावाकडे तोंड करून आणि दुसरा ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे. आरती ऐकली की वस्तीच्या बाया नैवेद्य घेऊन निघतात. ती पहिली तबकडी आक्कांच्या वडिलांनी लावली, मग आक्कांनी. ती कुणा दुसऱ्याने लावायची, हे त्यांना सोसणारं नव्हतं. म्हणून वाटेत त्या सारखी डबी विचारत होत्या.

पोचलो. देवळाच्या ओट्यावर आश्रुबा आपला टेप मांडीवर घेऊन बसलाच होता.

"या आक्का. डोक्यावर पोरगं आणलं का?"

"आणलं. तुझ्यासारखं बटण दाबल्यावर रडत न्हाई ते."

मशीन ओट्यावर ठेवून आम्ही पाय धुतले आणि दर्शनाला गेलो. आक्का परतल्या त्या तळहातावर ओली विभूती घेऊनच. त्यांनी बाळ डबीतून काढून मशीनच्या दांडीला बसवलं. मग बोटं बुडवून तीन पट्टे पेटीवर ओढले, तीन दांडीवर, तीन बाळाच्या डोक्यावर. वडील ओढायचे तसेच.

हात जोडून त्यांनी सुई तबकडीवर ठेवली.

कर्ण्यातून डास गुणगुणावा तसा आवाज आला. आक्कांनी बटण पिळलं, तर डास मोठा झाला आणि त्याच्यामागे घुंऽ सुरू झालं. पालखीपाशी भोई खांदे चोळत उभे होते.

"महादेव झोपलाय का?" आश्रुबा म्हणाला.

"कावून असं झालं?" बंकटरावांचा चेहरा पडला. "मीच तर तारा खोचल्या. तुमी दर्शनाला गेलता, म्हणलं तेवढंच काम उरकावं."

आक्कांनी यंत्राच्या पाठीमागे डोकं घातलं. "बंकटराव, कुठं खोचल्या?"

"भोकात."

"भोकं दोन जातीची हायती. हे टेपचं. टेप स्वतःच मोठ्यानं बोलतो. ह्या नव्या सुईचा आवाज लई बारीक, म्हणून तिला वेगळं भोक, तिथं आधी आवाज वाढवून मिळतो. जुन्या सुईचा गळा मोठा होता, तिला कुठंबी चालायचं."

आक्कांनी आधी बटण उलटं फिरवून आवाज पार बसवला. "न्हाई तर कर्णे फाटतील," म्हणाल्या. मग तारा बदलल्या आणि हळूहळू बटण फिरवलं. गावाकडचा कर्णा असा खणखणीत बोलला की लिंबावरचे कावळे उडाले.

वस्तीकडचा मात्र कुजबुजत होता.

"एक चालतोय की," बंकटराव म्हणाले. "उचलू पालखी?"

"आणि वस्तीच्या बायांनी काय वास घेऊन यायचं?"

मला वाटलं, कर्णाच गेला. मी मनातल्या मनात ॐ नमः शिवाय सुरू केलं. आक्का मात्र शांत होत्या. त्यांनी मशीनच्या दोन तारा उपसल्या आणि उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे खोचली. आता वस्तीचा कर्णा गरजला आणि गावाचा कुजबुजला.

आक्का हसल्या. "कर्णे चांगले. यंत्र चांगलं. तारांसोबत रोग हिकडून तिकडं गेला. म्हंजी दुखणं ह्या टोकाला हाय."

त्यांनी यंत्र बंद केलं, बाळ काढलं आणि उन्हात धरलं. मग डोळे बारीक करून ते फिरवत राहिल्या. मी वाकून पाहिलं. बाळाच्या पाठीला चार इवल्या पिना, त्यावर चार रंगांच्या केसासारख्या तारा. एक तार पिनेवरून सरकली होती आणि मधल्या फटीत पांढरी विभूती बसली होती. जुन्या मशीनचं डोकं सगळं बंद असायचं, त्याला कितीही फासा. ह्याची पाठ उघडी.

"महादेवा," आक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तुझ्या नावानं मीच तुझं तोंड दाबलं की रे!"

आणि अशा हसल्या की आश्रुबाला आधी कळेनाच. कळल्यावर तो मांडी थोपटून हसला. "अरे बंकट, म्हाताऱ्या देवाला भस्म, नव्या सुईलाबी भस्म! आता काय आंघोळ घालता का आक्का तिला?"

"पाण्यानं न्हाई," आक्का म्हणाल्या. "तुझ्या टेपचं डोकं पुसायला स्पिरिट आणतोस ना? दे."

"माझ्याच स्पिरिटनं माझं गिऱ्हाईक पळवता?"

"दे म्हणते ना."

दिलं बापड्याने, कापसासकट. वर स्वतःच बाळाला दोन बोटांत धरून बसला. आक्कांनी पिन पुसली, फुंकर घातली, माझ्या नाकातली नथ काढायला लावून तिच्या टोकाने तार जागेवर सरकवली.

बाळ पुन्हा दांडीला बसवून, यंत्र लावून त्यांनी सुई टेकवली, तसे दोन्ही कर्णे एकदम बोलले. आरती डोंगराला लागून परत आली. भोयांनी पालखी उचलली, आणि थोड्याच वेळात ओढ्यापलीकडून बायांची रांग निघालेली दिसली, डोक्यावर पाट्या, रंगीत पदर. माझे हात आपोआप जुळले.

बंकटराव जवळ येऊन म्हणाले, "आक्का, पुढच्या साली तुमीच." मग आश्रुबाकडे बघून, "तू दुपारच्या कुस्त्यांना लाव." आश्रुबाने मान हलवली, तोंडात प्रसादाचा पेढा होता.

उन्हं कलल्यावर आम्ही परत निघालो. आक्का डोक्यावर मशीन घेऊन झपझप उतरत होत्या, आरती गुणगुणत. तीच चिंच आली, तिथे थांबल्या. मी न विचारताच डबी काढून दाखवली.

त्यांनी ती बघितलीच नाही.

"मंगल, मला त्या पिना आता नीट दिसत न्हाईत गं. आज उन्हानं दाखवल्या. पुढच्या साली पयली सुई तू ठेवशील का?"

मी डबी पुन्हा पदरात बांधली आणि गाठ घट्ट ओढली.

"ठेव. पण एक कर," आक्का म्हणाल्या. "देवळातून आलीस की आधी हात धुऊन ये."