कोणी न वेचलेली मोहफुलं

सोमा पोटावी कसा गेला, हे मला गेल्या कित्येक वर्षांत अनेकांनी विचारलं. दर वेळी मी विषय बदलला. नातेवाइकांत बदलला, जुन्या सोबत्यांत बदलला. आता सत्तरी ओलांडली आहे, छातीचं एक ऑपरेशन झालं आहे. त्या सकाळी तिथे असलेल्यांपैकी बोलू शकणारे फारसे उरले नाहीत. म्हणून लिहितो.

मी तेव्हा पोलिसात हवालदार होतो. धानोरा तालुक्यात नक्षलविरोधी कामासाठी आमच्या कंपनीचा कॅम्प होता. दिवस कामात बुडालेला असायचा. पहाटे रस्ता तपासायला पार्टी निघायची, मग पाण्याच्या टँकरची गार्ड, संत्री ड्यूटी, हत्यारांची सफाई, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची ब्रीफिंग. भोवती इतकं जंगल, पण आम्ही ते बघत नव्हतो. साग म्हणजे कव्हर, बांबूचं बेट म्हणजे धोका, नाला म्हणजे अँबुशची जागा. पळस फुलला की पानांचा आडोसा गेला, एवढीच त्याची नोंद डोक्यात व्हायची.

सोमा आमच्या सेक्शनचा स्काऊट. धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावचा गोंड मुलगा, पंचविशीचा. पॅट्रोलमध्ये सगळ्यांत पुढे तो. बोलायचा कमी. दारूला शिवत नव्हता, आणि त्यावरूनच त्याची जास्त थट्टा व्हायची. वायरलेस ऑपरेटर ढोणे नागपूरकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "गोंड असून पीत नाई म्हन्ते, ह्याले दवाखान्यात दाखवा." सोमा नुसता हसायचा.

मार्च संपत आला होता. दोन गावांपर्यंत पॅट्रोल करून कॅम्पला परतायचं, असा हुकूम होता. अंधार असतानाच निघालो. पहिलं गाव लागलं तेव्हा उजाडलं होतं. गावात बायका होत्या, पण आमच्याकडे कोणी पाहिलं नाही. हे नेहमीचंच. पुढे निघालो.

एक टेकाड चढून पलीकडे उतरलो आणि समोर मोकळी जागा आली. मोहाची सहा-सात मोठी झाडं, एकावरही पान नाही. खाली सगळी जमीन फुलांनी भरलेली. फिक्या पिवळ्या, लोण्याच्या रंगाच्या फुलांचा जाड थर, त्यावर दव, आणि तिरपं ऊन नुकतंच येऊन पडलेलं. वरून एकेक फूल अजून गळत होतं. पडल्याचा आवाज येत होता, इतकी शांतता होती. वास असा की घसा गोड व्हावा.

मी मूठ वर केली. सेक्शन थांबलं.

माझं गाव सिंदेवाहीच्या बाजूचं. लहानपणी आईबरोबर टोपली घेऊन मोहाखाली जायचो. पण आम्ही जायचो तेव्हा झुंजूमुंजू असायचं, आणि उजाडेपर्यंत झाडाखाली काही शिल्लक राहायचं नाही. एवढी फुलं, अशी अख्खी पसरलेली, मी जन्मात पाहिली नव्हती. कॅम्पमधले सगळे महिने त्या एका क्षणात अंगावरून उतरले. मला तिथे बसायचं होतं. दुसरं काहीही मनात नव्हतं.

सोमा पुढून मागे आला. माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, इथून नको. बाजूनं जाऊ."

मी विचारलं, "काऊन?"

"हे कोणी वेचलं काऊन नाई? खालचा पाला जाळून जागा साफ केली आहे, पाहा. अन् वेचायले कोणी आलंच नाई. खालची फुलं सुकून राह्यली."

तो बोलला ते बरोबर होतं. थराच्या कडेला जमीन काळी होती. फुलं मातीत हरवू नयेत म्हणून आधी पाला जाळतात. एवढी तयारी करून कोणी मोह सोडत नाही. सोडला, म्हणजे कोणीतरी गावकऱ्यांना तिकडे जाऊ नका असं सांगितलं होतं. हे मला कळायला हवं होतं. सेक्शनमध्ये बाहेरची पोरं होती, त्यांना कळलं नसतं तर चाललं असतं. मी तर हेच काम करत वाढलो होतो.

मी म्हणालो, "गाव दूर आहे. पोरं थकली. पाच मिनिटं बसू."

मागून ढोणे हळूच म्हणाला, "सोमाले नुसत्या वासानंच चढली, साहेब."

दोघे-तिघे हसले. मीही हसलो. सोमाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मंग मी आधी पाहून येतो." मी मान हलवली. ती मान म्हणजे ऑर्डर होती.

तो वाकून, जमीन बघत गेला. मी त्याच्यावर नजर ठेवायला हवी होती, त्याच्या दोन्ही बाजूंना कव्हर लावायला हवं होतं. मी झाडांकडे बघत होतो.

स्फोट दुसऱ्या झाडाखाली झाला. लगेच समोरच्या टेकडीवरून फायर आलं. आम्ही उताराला पडलो. एकाच्या मांडीला गोळी लागली. मी ओरडून फायर सुरू करवलं. ढोणेने सेट सोडला नाही.

"कंट्रोल, ब्राव्हो. काँटॅक्ट. दोन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"ब्राव्हो, कॅज्युअल्टीची हालत सांगा. ओव्हर."

ढोणेने माझ्याकडे पाहिलं. हँडसेट मी घेतला. "एक जखमी. एक एक्स्पायर्ड. स्काऊट. ओव्हर."

पलीकडून आलं, "रॉजर. होल्ड करा."

होल्ड केलं. कुमक आली तेव्हा टेकडीवर कोणी नव्हतं. आम्ही तिथे बसणार होतो, त्या जागेखाली आणखी दोन सुरुंग निघाले. सोमा आधी गेला नसता तर अख्खं सेक्शन गेलं असतं.

चौकशीत अधिकाऱ्यांनी विचारलं, स्काऊट रस्ता सोडून झाडाखाली का गेला? मी म्हणालो, "सांगता येत नाही, सर." ढोणे बाहेर बसला होता. त्याला बोलावलंच नाही. नंतर कॅम्पमध्ये बोलणं पसरलं की पोटावी मोहफुलांच्या नादाने गेला. पुढे सांगताना फुलांच्या जागी दारू आली. त्या बोलण्याला मी कधी अडवलं नाही. ते खरं ठरल्यावर मी सुटत होतो.

निवृत्तीनंतर सोमाच्या गावी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्याची आई अंगणात बसली होती. तिला मराठी थोडी येत होती. मी कोण ते कळल्यावर तिने खाट टाकायला लावली, पाणी दिलं. मग विचारलं, "साहेब, सारे म्हन्ते माहा सोमा दारूच्या फुलासाठी गेला. तुम्ही होते ना तिथी?"

मी म्हणालो, "होतो."

ती वाट बघत राहिली.

"तो ड्यूटीवर होता, बाई," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. मी पाणी संपवून उठलो. दोन वर्षांनी ती वारल्याचं कळलं. तिला सांगायचं होतं ते एवढंच होतं: बाई, सोमा नको म्हणत होता. थांबायचं मला होतं. मला माफ करा.