माफीची बैठक

निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात. आम्ही दोघं यूट्यूबवर गेलो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची, मी एसटीत कंडक्टर होतो. दर रविवारी सकाळी पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून ती दहा मिनिटं बोलायची आणि मी समोर मोबाईल धरून उभा राहायचो. आठवड्याभरात गावात जे डोळ्याला खुपलं त्यावर बोलायचं, एवढाच नियम. बसस्टँडवरचं बायकांचं कुलूपबंद स्वच्छतागृह, घाटावर कुजणारं निर्माल्य, फुटपाथ अडवून उभे असलेले वाढदिवसाचे फलक. सुरुवातीला बघणारे म्हणजे तिचे जुने विद्यार्थी आणि माझे डेपोतले मित्र. मग हळूहळू रिक्षावाले ओळखायला लागले. "बाई, या रविवारी आमच्या गल्लीचं घ्या की," म्हणायला लागले. सगळे तिला बाईच म्हणत.

ती कोणाची भीड ठेवत नसे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवरही तिने एक रविवार खर्च केला होता. मला धाकधूक व्हायची. माझी सारी नोकरी सुरगाणा आणि पेठच्या गाड्यांवर गेली. घाटात, खच्चून भरलेल्या गाडीत, दोन माणसं भांडायला लागली की दोघांनाही 'तुमचं बरोबर आहे' म्हणायचं आणि गाडी पुढे काढायची, हे मी तिथे शिकलो होतो. तिचं तसं नव्हतं. ती वर्गात चूक दिसली की खडू ठेवून थांबणारी.

गणपतीच्या आधी तिने मिरवणुकीतल्या डीजेवर व्हिडिओ केला. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी माझी भाची आमच्या भागातल्या एका प्रसूतिगृहात बाळंत झाली होती आणि बायको तिच्या उशाशी होती. मिरवणूक नेमकी त्या दारात अडकली. स्पीकरच्या भिंती ट्रकवर रचलेल्या. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि नर्सबाई एकेका तान्ह्या बाळाच्या कानांवर हात धरून उभ्या होत्या. ते तिच्या डोळ्यांसमोरून वर्षभर हललं नव्हतं. व्हिडिओत ती म्हणाली, "माझ्याही घरी गणपती बसतो. पण तान्ह्या लेकरांना रडवून जो खूश होतो असं हे लोक समजतात, त्या देवाला मी तरी ओळखत नाही."

तीन दिवसांनी कोणीतरी त्यातला एवढाच तुकडा कापून फिरवला: "देवाला मी तरी ओळखत नाही."

वर लिहिलं होतं, 'हिला ओळख करून द्या.'

मग फोन सुरू झाले. तिचा नंबर कोणी दिला कळलं नाही. आधी शिव्या, मग "तोंड काळं करू", मग आमच्या इमारतीच्या फाटकाचा फोटो. पोरगी पुण्याहून रडत म्हणाली, "आई, डिलीट कर ना तो व्हिडिओ. तुला काय सिद्ध करायचंय?" बायको म्हणाली, "मी बोलले ते पूर्ण ऐक, मग सांग काय डिलीट करू." पोरीने ऐकलं आणि पुन्हा फोन केला नाही. रागावली की वरमली, मला तेव्हा समजलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं भाजीबाजारात गेलो. मखमलाबादकडून येणाऱ्या एका भाजीवाल्या मावशीकडे बायको मेथी निवडत होती. मोटरसायकलवरून दोघं आले. चांगले तिशीतले पुरुष, एकाच्या दाढीत पांढरे केसही दिसत होते. मागे बसलेला उतरला आणि नीट, जवळजवळ आदराने म्हणाला, "बाई, त्या व्हिडिओवाल्या तुम्हीच का?"

ती हसून वळली. तिला वाटलं, कोणीतरी ओळखीचं.

बाटलीभर काळी शाई त्याने तिच्या तोंडावर फेकली. डोळे, कपाळ, मानेवरून खाली सगळी साडी. ती मेथीची जुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आणि मीही तसाच उभा राहिलो. हे मला लिहायला जड जातंय, पण मी जागचा हललो नाही. हातात पिशवी धरून मी बघत होतो.

हलली ती भाजीवाली मावशी. ढिगावरून उडी मारून तिने मोटरसायकलचं मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. "कुठं पळतो रे? बाईमानसावर शाई टाकून लय मर्द झाला का? ए, धरा याला! सोडू नका!"

गाडी घसरली. चहूबाजूंनी बायका आल्या. कोणी चावी काढली, कोणी कॉलर धरली. मारलं नाही कोणी, पण ते दोघं जागचे हलूही शकले नाहीत. मावशीने भाजीवर मारायच्या पाण्याची बादली आणली आणि बायकोचं डोकं मांडीवर घेऊन डोळे धुतले. "उघडा बाई, उघडा डोळे. दिसतंय का? मी दिसते का?"

"दिसतेस गं," बायको म्हणाली, "काळी दिसतेस." आणि त्या गर्दीत ती एकटीच हसली.

पोलीस येऊन त्या दोघांना घेऊन गेले आणि ठाण्यात तिने तक्रार लिहून दिली. साहेब सभ्य होते. त्यांनी नोंद घेतली, डॉक्टरकडे पाठवलं आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, सणासुदीचे दिवस आहेत. वातावरण बिघडायला नको. बघा काही समजुतीने होतं का."

समजूत हा माझ्या आवडीचा शब्द. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिचा एक डोळा सुजलेला, मानेवरची शाई निघालेली नव्हती, तरी तिने गॅलरीत खुर्ची टाकली. मी म्हणालो, "मी मोबाईल धरणार नाही."

ती खुर्ची उचलून आत गेली. चार वर्षांत पहिल्यांदा रविवार रिकामा गेला. संध्याकाळपर्यंत जुन्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, 'गप्प बसली बाई.' कोणी हसणारी तोंडं टाकली. मी ते तिला दाखवलं नाही. तिने ते आधीच वाचलं होतं.

प्रसूतिगृहाच्या दारात ज्यांची मिरवणूक अडकली होती त्या गणेश मंडळाचे जे कर्तेधर्ते, ज्यांना सगळा भाग दादा म्हणतो, त्यांनी मला मंगळवारी चहाला बोलावलं. माणूस गोड बोलणारा. "काका, ज्यांनी शाई टाकली ते चुकलेच. पण मी किती जणांना आवरू? गुरुवारी शांतता समितीची बैठक आहे. बाईंनी दोन ओळी वाचल्या की विषय संपला. लिहूनच दिलंय." त्यांनी एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की माझ्या बोलण्याने भाविकांच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल मी जाहीर माफी मागते.

मी म्हणालो, "वाचेल ती. माझा शब्द."

घरी येऊन कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला, सवयीने लाल पेन घेतलं आणि आधी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"मला न विचारता?"

मी म्हणालो, "मला भीती वाटते गं. बाजारात मी काय केलं ते तू पाहिलंस. पुन्हा काही झालं तर मी पुन्हा तसाच उभा राहीन, याची भीती वाटते."

तिने माझा हात धरला. रागावली असती तर बरं झालं असतं. "येते मी बैठकीला," ती म्हणाली. "तुम्ही मोबाईल तेवढा चार्ज करून आणा."

बैठकीचा हॉल भरला होता. सगळ्या मंडळांचे कार्यकर्ते, मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं, महापालिकेचे लोक, दोन-तीन डॉक्टर. भाजीवाली मावशी बाजारातल्या चार बायकांना घेऊन दाराशी बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पुढच्या रांगेत दादा. साहेबांनी मिरवणुकीचा मार्ग, वेळा, दिव्यांची सोय असं सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "आता बाईंना दोन शब्द बोलायचेत."

ती माईकपाशी गेली. मानेवर काळसर डाग तसाच. "मला इथे माफी मागायला बोलावलंय," ती म्हणाली. "चुकलं असेल तर मागेन. मुलांसमोरसुद्धा मी मागितली आहे. पण कशाची माफी ते इथल्या प्रत्येकाला कळायला हवं. म्हणून आधी माझं पूर्ण बोलणं ऐका. अहो, लावा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. दादा अर्धवट उठले. "काका, आपलं ठरलं काय होतं?"

मी उठलो. चालत माईकपर्यंत गेलो. तेवढं अंतर मला कसाऱ्याच्या घाटाएवढं लांब वाटलं.

"दादा," मी म्हणालो, "शब्द मी दिला होता. तिला न विचारता दिला. तो शब्द माझा नव्हताच, मी तो परत घेतो." आणि मोबाईल माईकला लावून धरला.

सुरुवातीला खरखर झाली. मग तिचा आवाज हॉलभर पसरला. लहानपणी गावात गणपती कसा बैलगाडीतून जायचा, ढोलाच्या आवाजाने पोरं कशी धावत सुटायची, ते तिने त्यात सांगितलं होतं. मंडळांच्या रक्तदानाचं कौतुक केलं होतं. याच मंडळाने पुराच्या वेळी गल्लीत जेवण पोचवलं होतं, त्याचंही. आणि मग ती बाळं, त्या काचा, आणि ते वाक्य. पूर्ण.

शेवटी मोबाईल बंद झाला तेव्हा मागून एक बाई उभी राहिली. "मी त्या प्रसूतिगृहात नर्स आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी ड्यूटीवर होते. मला दोनच हात आहेत आणि वॉर्डात सात बाळं होती." एवढं बोलून ती खाली बसली.

हॉलमध्ये हालचाल झाली. दादांच्या शेजारी मंडळाचे संस्थापक आजोबा बसले होते, टोपी घातलेले, कानात मशीन. त्यांनी ते मशीन हाताने नीट केलं आणि दादांना सगळ्यांसमोर विचारलं, "यात देवाची निंदा कुठं आली रे? मला तर नाय ऐकू आली. तू ऐकला होता का हा सगळा?"

दादा उभेच होते. मी मनाशी म्हटलं, आता हा माणूस काहीतरी गोलगोल बोलेल. पण त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "नाही, आजोबा. मी तुकडाच पाहिला होता."

"मग माफी कोणी मागायची?"

दादा वळले. आवाज आधीसारखा गोड राहिला नव्हता, त्यामुळेच तो खरा वाटला. "बाई, चुकलं आमचं. माझ्या माणसांचं आणि माझंही."

दाराशी मावशीने पहिली टाळी वाजवली. मग त्या बायकांनी, मग डॉक्टरांनी, मग जी मंडळं इतकी वर्षं या दादांपुढे बोलत नव्हती त्यांनीही. टाळ्या थांबेनात. साहेबसुद्धा टोपी काखेत धरून वाजवत होते. बायको माईकपाशी सरळ उभी होती, आणि तिच्याशेजारी मी. मला आयुष्यात इतकं उंच कधी वाटलं नव्हतं.

आजोबांनी तिथेच जाहीर केलं की प्रसूतिगृहाच्या गल्लीत त्यांच्या मंडळाचे स्पीकर बंद राहतील. बाकीच्यांनी एकापाठोपाठ एक हात वर केले. बाहेर पडताना दादांनी हळूच विचारलं, "मग ती तक्रार..."

"ती राहील," बायको म्हणाली. "माझा डोळा थोडक्यात वाचला आहे. त्या दोघांना न्यायालयात उभं राहून उत्तर द्यायचंय, ते देऊ दे." दादांनी मान हलवली. वाद घातला नाही. पोरीचा फोन आला तेव्हा ती दोन मिनिटं नुसती रडत आणि हसत होती. बैठकीचं चित्रण तिच्यापर्यंत आमच्या आधीच पोचलं होतं.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही दुपारपासून त्या गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. पहिला ट्रक आला, कोपऱ्यावर थांबला आणि स्पीकर बंद झाले. मला खात्री नव्हती. मागून दुसरा आला, तोही गप्प झाला. मग गाड्यांच्या मधून सय्यद पिंप्रीकडचं एक लेझीम पथक पुढे आलं. झांजांचा हलका ठेका, पायांची धूळ, पोरींच्या डोक्यावर फेटे. प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर नर्स उभ्या होत्या, त्यांचे हात मोकळे होते. वरच्या खिडकीत एक बाळंतीण बाळाला छातीशी धरून खाली बघत होती, आणि बाळ झोपलेलं होतं.

"बाई, या ना!" पथकातली एक पोरगी ओरडली आणि तिने स्वतःची लेझीम पुढे केली.

साठी उलटलेली माझी बायको पदर खोचून रांगेत शिरली. पहिल्या दोन पावलांना ती चुकली, तिसऱ्याला तिला ठेका सापडला. मग ती वाकली, उठली, गोल फिरली, आणि सगळ्या गल्लीने तिच्यासाठी टाळ्यांचा ठेका धरला. मी टाळ्या वाजवत, आणि गल्ली ओलांडल्यावर घसा फुटेस्तोवर मोरया म्हणत, त्या पथकाबरोबर थेट गोदावरीपर्यंत चालत गेलो.