साहेबांची गेट-एंट्री

"ताई, या स्क्रीनमधून भायेर कसा यायचा?"

नानांनी आयफोन माझ्या नाकासमोर धरला.

नाना म्हणजे जासईच्या एका कंटेनर यार्डाचे मालक. समोर शिपिंग कंपनीचे मॅनेजर साहेब चहा पीत बसलेले. मी बनवलेलं अ‍ॅप पसंत पडलं तर त्यांचे कंटेनर नानांकडे येणार. नाहीतर नानांचं यार्ड रिकामं, आणि माझ्या दोन माणसांच्या ऑफिसला टाळं.

अ‍ॅप साधंच. कंटेनर गेटवर आला की नंबर टाका, चारी बाजूंनी फोटो काढा, सेव्ह करा. पोचा कुणी पाडला यावरून नंतर भांडण नको. अँड्रॉइडवर ते वर्षभर मस्त चाललं होतं. साहेबांच्या कंपनीत सगळे आयफोनवाले, म्हणून मी तेच आयफोनसाठी नव्याने बांधलं. याला पोर्टिंग म्हणतात.

घोळ असा, की अँड्रॉइड फोनला मागे जायचं स्वतःचं 'बॅक' बटण असतं. आयफोनवर ते बटण आपण अ‍ॅपमध्ये ठेवायचं असतं. मी ठेवलंच नव्हतं! टेस्टिंग करताना दरवेळी शहाण्यासारखे चारही फोटो काढले, मग कळणार कसं? कपाळ माझं!

"नाना, चार फोटो काढल्याशिवाय नाही येता येणार," मी पुटपुटले.

"हात्तिच्या! मंग काढू की." नाना उठले. ऑफिसात कंटेनर कुठला? "साहेब, उभे ऱ्हावा जरा."

साहेब कपासकट उभे राहिले. समोरून एक. डावीकडून. उजवीकडून.

"आता पाठ दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अ‍ॅपने विचारलं, पोचा आहे का? नानांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि 'नाही' दाबलं. सेव्ह. आलो बाहेर!

साहेब सावकाश बसले. "म्हणजे फोटो टाळताच येत नाहीत?"

"नाय म्हंजे नाय," नाना बेधडक म्हणाले. "ताईंनी मुद्दाम तसा केलाय."

"बेस्ट! दुसऱ्या यार्डांत लोक फोटो न काढताच बॅक मारतात."

काम मिळालं. दुसऱ्या दिवशी नानांचा फोन. "ताई, आपल्या अँड्रॉइडमधला पन बॅक काढा. आपली मानसं बी तेच करतान, मी रातभर जुन्या नोंदी बघितल्या, फोटोच नाय... जाऊ द्या, काढा."

वर्षभर 'मस्त' चाललं होतं म्हणे! जुन्या फोनवर लोक नेमकं काय करतात, हे पोर्टिंगच्या आधी गेटवर उभं राहून बघावं, एवढं शिकले.

साहेब अजून सिस्टीममध्ये आहेत. यार्डात आल्याची नोंद आहे, गेल्याची नाही.