दादाच्या प्लॉटची सफाई

ज्या दिवशी दादाचा फोटो काढला, त्याच दिवशी त्याच्या प्लॉटमधल्या पिशव्या काढल्या. नोटीस मी लिहिली होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाकण रस्त्यावर तेव्हा एका संस्थेने काढलेलं एक शेतकी कॉलेज होतं. एक दगडी इमारत, बाकी पत्र्याचे वर्ग, आणि मागे महाळुंग्याच्या अंगाला उतरत गेलेली शेती. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. दादा तिथे प्लॉटवर मुकादम होता, आणि मी ग्रंथालयात कारकून. माझं अक्षर चांगलं म्हणून ऑफिसच्या नोटिसा, मानपत्रं, स्वागताचे फलक हेही माझ्याकडेच येत. पुढे ते कॉलेज बंद पडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही, आणि तसं वाटल्याचं मी इथे दाखवणार नाही.

दादाचं काम आधी सांगतो. आमच्या भागातली ज्वारी खायला गोड, पण उंच वाढायची आणि पौषातल्या वाऱ्याने आडवी व्हायची. आडवी झालेली ज्वारी उंदीर खातात, नाहीतर ती जागेवरच काळी पडते. कॉलेजात दुसऱ्या जिल्ह्यातून एक आखूड ताटाची ज्वारी आली होती. ती उभी राहायची, पण तिची भाकरी गळ्याखाली उतरायची नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एका पुस्तकातला उतारा वाचून दाखवला, की दोन जातींचा संकर करता येतो. वाचून ते वर्गात गेले. दादा प्लॉटवर गेला आणि पाच वर्षं तिथेच राहिला.

सकाळी दव असताना तो एका जातीच्या फुलोऱ्यातले परागकोश चिमट्याने काढून टाकायचा, दुसरीचे पराग त्यावर शिंपडायचा, आणि बाहेरचं काही शिरू नये म्हणून कणसावर खाकी कागदाची पिशवी बांधायचा. त्या पिशव्या वहिनी दुपारच्या वेळी खळ शिजवून घरी चिकटवायची. पुढच्या प्रत्येक वर्षी त्यातली थोडी ताटं निवडायची, पुन्हा पिशवी बांधायची, पुन्हा बी धरायचं. ताट उभं राहतं की नाही, हे डोळ्यांना दिसतं. गोडी दिसत नाही. ती आदल्या वर्षीच्या दाण्याची भाकरी करून, चाखून कळलेली असायची, आणि कुठल्या गोड दाण्याचं कुठलं ताट हे दोनच ठिकाणी लिहिलेलं असायचं. ओळीचा नंबर खुंटीवर डांबराने, आणि ओळीतल्या ताटाचा नंबर देठाला बांधलेल्या चिठ्ठीवर. त्या हिवाळ्यात दादाला हवी होती ती अकरा ताटं मिळाली होती. उभी राहणारी आणि गोड. फाल्गुनात त्यांचं बी धरलं की काम झालं, असं तो म्हणायचा. वहिनीने त्या बियांसाठी पांढऱ्या मांजरपाटाच्या अकरा थैल्या शिवून ठेवल्या होत्या.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही एकाच घरात राहत होतो, एकाच आवारात नोकरी करत होतो, आणि मला माहीत नव्हतं. मी पुस्तकं वाचत होतो.

त्या वर्षी संस्थेने ठरवलं, की वार्षिक समारंभात एक प्राध्यापक, एक कर्मचारी आणि एक विद्यार्थी यांचा गौरव करायचा. प्राध्यापकाचा गौरव ज्वारीच्या संशोधनाबद्दल वनस्पतिशास्त्रवाल्यांना. कर्मचाऱ्याचा त्याच ज्वारीबद्दल दादाला. विद्यार्थ्याचा श्रमदानात पुढे असेल त्याला, कारण त्या दिवसांत श्रमदानाशिवाय कुठलाही समारंभ होत नसे.

समारंभाच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी दादाला बोलावलं. "मुकादम, वार्षिक अंकात तुमचा फोटो छापायचाय. दापोडीला जाऊन काढून या. आज प्लॉटवर फिरकू नका, पूर्ण दिवस रजा." दादा सकाळच्या एसटीने गेला. मग त्यांनी मला बोलावलं आणि नोटीस सांगितली. पाहुणे शेती पाहणार आहेत. तरी सर्व प्लॉट विद्यार्थ्यांनी श्रमदानाने स्वच्छ करावेत. कागद, चिंध्या, वेड्यावाकड्या खुंट्या दृष्टीस पडू नयेत.

मी ती सुंदर लिहिली. शेवटी एक वाक्य मी माझ्या मनाने घातलं : "प्रत्येक प्लॉट आरशासारखा लख्ख दिसला पाहिजे." प्राचार्य म्हणाले, "वा!" मला बरं वाटलं.

ग्रंथालयाच्या खिडकीतून ज्वारीचा प्लॉट दिसायचा. दहाच्या सुमारास पोरं आली. बागायतदारांची पोरं, पांढऱ्या अर्ध्या चड्ड्या, डोक्याला रुमाल.

"अरे राव, ज्वारीला टोप्या कुणी घातल्या?"

"मुंज असेल."

"मुंज कसली, लगीन आहे. मुंडावळ्या बघ की देठाला!"

"मग उतरव मुंडावळ्या. लगीन मोडलं!"

सगळे हसले. खिडकीत मीही हसलो. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

गडीमाणसं तेव्हा बैलांची शिंगं रंगवायला गोठ्याकडे लावलेली होती. प्लॉटवर खुरपायला येणारी एक म्हातारी तेवढी बांधावर होती. ती म्हणाली, "आरं लेकरांनू, मुकादमाला तरी येऊ द्या. त्याला इचारल्याबिगर हात लावू नगा."

त्यांचा पुढारी म्हणाला, "आजी, नोटीस आहे. वाचता येतं का?"

म्हातारीला येत नव्हतं. मला वाचता येत होतं. मी खिडकी लावून घेतली, कारण दुसऱ्या दिवशीचं मानपत्र लिहायचं होतं आणि बाहेर फार गलका होता.

दुपारपर्यंत एकही पिशवी राहिली नाही, एकही चिठ्ठी राहिली नाही. खुंट्या उपटून चुन्याच्या पिंपात बुडवल्या आणि वाळल्यावर दोरी लावून, सारख्या अंतरावर ठोकल्या. लांबून ते खरोखर फार छान दिसत होतं.

दादा संध्याकाळच्या गाडीने आला. दिवेलागण व्हायची होती. तो आधी प्लॉटवर गेला असणार, कारण ग्रंथालयात आला तेव्हा त्याच्या हाताला चुना लागला होता. मी मानपत्राच्या शेवटच्या ओळीवर होतो.

"नोटीस कुनी लिवली?"

"मी. का?"

त्याने भिंतीवरून नोटीस काढून आणली होती. ती माझ्यापुढे ठेवली आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "ह्ये बी त्येंनी सांगितलं?"

"ते माझं आहे."

"आरशावानी," दादा म्हणाला. "आता बघ आरशात."

मग त्याने मला पहिल्यांदा सांगितलं, की ती अकरा ताटं काय होती. मी म्हणालो, तुझ्या वहीत सगळं असेलच की. तो म्हणाला, "वहीत नंबर हायेत. ताटावर नंबर न्हाई. मग वही घेऊन काय करू, आरती म्हनू?" मी म्हणालो, तू रोज पाहतोस, तुला ओळखता येतील. "गोडी तोंडावर दिसाया ती काय मानसं हायेत? मानसांची तरी कुठं दिसती?"

मी म्हणालो, "तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"पाच वरसं. येकदा तरी बांधावर आला व्हतास?"

मी चिडलो. म्हणालो, मला नोकरी करायची होती, साहेबांनी सांगितलं ते लिहिलं, तुझ्या ज्वारीसाठी मी नोकरी घालवू का. दादाने नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि तो गेला. माझ्या मानपत्रावर चुन्याचं एक बोट उमटलं होतं. मी ते पान पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो समारंभाला येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. धुतलेलं धोतर, टोपी. आधी प्राध्यापकांना शाल मिळाली. मग दादाला. मानपत्र मीच वाचायचं होतं. "यांनी पाच वर्षे डोळ्यांत तेल घालून जपलेला ज्वारीचा वाण..." असं मी वाचत होतो आणि दादा पाहुण्यांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होता. मी एकही शब्द गाळला नाही. गाळायला हवे होते. माझा आवाजसुद्धा चांगला लागला होता. टाळ्या झाल्या. त्यानंतर श्रमदानाच्या पुढाऱ्याला चांदीचा मुलामा दिलेला पेला मिळाला. एका प्लॉटवर तीन बक्षिसं. मंडपात कुणालाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

पाहुणे मुंबईचे मोठे अधिकारी होते. प्लॉट पाहून म्हणाले, "काय टापटीप आहे! मुकादम, यातलं तुमचं ते नामांकित कणीस कोणतं?"

प्राध्यापक घाईने म्हणाले, "दाखवा की, मुकादम." त्यांना कळलेलं होतं. आणि तरी ते म्हणाले, दाखवा.

दादा म्हणाला, "सायबांनीच निवडावं. आता कुनीबी निवडलं तरी येकच हाय."

पाहुणे खूश झाले. "पाहा, याला म्हणतात नम्रता!" त्यांनी कडेच्या ओळीतलं सगळ्यात भरलेलं कणीस निवडलं. ती कडेची ओळ म्हणजे वाऱ्याला आणि पाखरांना आडोसा म्हणून लावलेली गावची साधी ज्वारी होती. पुढाऱ्याने विळा दिला, पाहुण्यांनी कणीस कापलं. ते ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात ठेवलं गेलं आणि त्याखालची पाटी मला लिहायला सांगितली. मी ती लिहिली. पुढच्या पावसाळ्यात कणसाला कीड लागून दाण्यांचं पीठ झालं. पाटी मात्र कॉलेज बंद होईपर्यंत होती.

आठवड्याने प्राध्यापक दादाला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी पुन्हा करू."

"पुढचं वरीस न्हाई सायेब, पुढची पाच वरसं. आन् ती तुमी करा."

फाल्गुनात ज्वारी कापली. आता निवडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळी एकत्र मळली आणि कर्मचाऱ्यांना पायलीवर विकली. दादाने त्यातली घेतली. मी तेव्हा कॉलेजच्या खोलीत राहायला गेलो होतो. घरात बोलणं राहिलं नव्हतं. एका दुपारी वहिनीचा निरोप आला, जेवायला या. गेलो. वहिनी चुलीपुढे बसली होती आणि शेजारी पाटीत खाकी पिशव्या आणि चिठ्ठ्या होत्या. खड्ड्यात टाकलेल्या तिने गोळा करून आणल्या होत्या. एकेक मूठ ती चुलीत घालत होती. चिठ्ठ्यांवर दादाचं अक्षर होतं, मोठं, सातवीतल्या पोरासारखं.

तिने माझ्या ताटात भाकरी टाकली. "खा भावजी. पाच वर्साची हाय."

मी खाल्ली. भाकरी गोड होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी ते बोललो. "गोड आहे."

दादा भिंतीला टेकून बसला होता. "गोड हाय म्हंतोय," तो वहिनीला म्हणाला. "लिव्ह की मग. नोटीस लिव्ह."

अक्षय्यतृतीयेला त्याने नोकरी सोडली. पिंपरीला तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते. एका कारखान्याच्या गेटवर तो पहारेकरी म्हणून लागला आणि निवृत्तीपर्यंत शिफ्ट करत राहिला. शेतीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. घरी ज्वारी येणं बंद झालं. ते गहू खाऊ लागले. मी सणावाराला जायचो. मी दारात दिसलो की तो आत ओरडायचा, "अक्षर आलंय गं, च्या टाक!" शेजाऱ्यांना वाटायचं लाडाने म्हणतो. चाळीस वर्षं त्याने मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही. मी कधी माफी मागितली नाही. पहिल्या वर्षी हिंमत झाली नाही, आणि नंतर मलाच त्याचा राग येऊ लागला. तो मंडपात का आला? का उभा राहिला आणि मला ते सगळं वाचू दिलं? अंगावरची शाल तिथेच टाकली असती तर मीही थांबलो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मी थांबलो नसतो. मानपत्र छान उतरलं होतं.

गेल्या महिन्यात दादा गेला. तेराव्याला फोटो लागतो. वहिनीने पेट्या उचकल्या, एकही फोटो नव्हता. त्याने नंतर कधी काढू दिला नाही. माझ्याकडे एक होता, वार्षिक अंकासाठी काढलेला. छपाईनंतर तो ऑफिसात पडून होता, म्हणून मी आणला होता. वहिनीने चष्मा लावून पाहिला.

"ह्यो कोट कुनाचा?"

"फोटोवाल्याचा. दापोडीला रेल्वे फाटकापाशी एका मुसलमान फोटोवाल्याचं दुकान होतं, तो देत असे घालायला."

"कवाचा हाय?"

मी सांगितलं. तिने फोटो पदराने पुसला. फोटोत दादा उसन्या कोटात ताठ बसला आहे. त्या वेळी दहा-साडेदहा झाले असतील, पोरं प्लॉटवर होती.

"लावा," ती म्हणाली. "दुसरा न्हाईच तर काय करनार."

कॉलेजच्या जमिनीवर आता कारखान्याची भिंत आहे. वही दादाने काय केली ते वहिनीला माहीत नाही. मांजरपाटाच्या थैल्या तिने पोरांच्या पाटी-पुस्तकांना वापरल्या. भिंतीवर तो फोटो आहे. दादाचा दुसरा फोटो नाही.