हात गुंतले, तोंड मोकळं

आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात खर्रा एकट्यानं खायचा नसतो. एकानं प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटायचा आणि पारावर बसलेल्या सगळ्यांपुढे धरायचा. नाही म्हटलं तर माणूस रुसला असं धरतात. बाबांनी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, आणि त्यांचं तोंड आखडत गेलं. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा जेमतेम दोन बोटं आत गेली. खर्रा आजच सोडा, नाहीतर घास जाणंही बंद होईल, असं त्यांनी बजावलं.

बाबांचं म्हणणं, तोंडाचं काही नाही, हातच स्वस्थ बसत नाहीत. म्हणून मी त्यांच्या मोबाइलवर ठोकळ्यांचा खेळ टाकून दिला. रंगीत ठोकळे वरून येतात, ते बसवत जायचे. ओळ भरली की ती नाहीशी होते आणि नवे ठोकळे हजर. यात एवढी कसली गोडी म्हणून मी एकदा खेळून पाहिलं, तर गॅसवरचा भात करपला.

बाबा तर पार बुडाले. जेवायला हाक मारली की म्हणत, "एवढी ओळ होऊ दे." ती होईपर्यंत पुढची अर्धी भरलेली असायची. ताटावरही खेळ चालूच. भात पातळ कालवून चिमटीचिमटीनं खात. मला वाटे, खेळापायी. आई म्हणायची, "एक येड गेलं न दुसरं आलं."

"धानाचा रोवणा सरते, हे सरत नाई," बाबा मान वर न करता सांगत. "म्हणून तं बरं हाय."

पण खिशात पन्नी सापडेनाशी झाली, बोटांवरचा चुना गेला. मला फार आनंद झाला.

एका दुपारी मी त्यांना बोलवायला पारावर गेले. बाबा खेळण्यात दंग. शेजारी त्यांचा जुना मित्र खर्रा घोटत होता. घोटून झाल्यावर त्यानं चिमूट बाबांच्या तोंडापाशी नेली आणि बाबांनी नजर न हलवता तोंड उघडलं.

मी संतापले. मित्राला खरंच कळेना. "तो कुठी खाते, बाई? त्याचे हात तं कामात हायेत. मीच चारून राह्यलो."

"थांब, डाव जाईल," बाबा म्हणाले.

घरी येऊन आईला सांगितलं. संध्याकाळी बाबा ओसरीत खेळत असताना ती ताट घेऊन शेजारी बसली. स्वतः घेते तेवढा वरणभाताचा घास तिनं त्यांच्या तोंडापाशी नेला. बाबांनी न बघताच तोंड उघडलं. घास ओठांवर अडला. आईनं जरा दाबून पाहिलं, तरी आत जाईना. शितं मोबाइलवर सांडली. खाली ठोकळे वेडेवाकडे साचत गेले, डाव गेला. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आईकडे बघत होते, घाबरून.